बोटावरचं तेल

सेवकभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गावच्या वाचनालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. चहा मांगला, अन् पिलाच नाही." हातातल्या पुस्तकाचा क्रमांक मी पूर्ण केला, शाई वाळू दिली, मग कुलूप लावलं. त्याला आता दोन महिने होत आले...

सेवकभाऊ गोंदियाला पोलीस मुख्यालयात आर्मोरर होते; शस्त्रागारातल्या बंदुका साफ आणि चालत्या ठेवणं हे त्यांचं काम. सुट्टीवर येऊन शेजारी बसले की त्यांच्या बाहीला गोडसर, थोडा कापरासारखा वास येई. तो बंदुकीच्या तेलाचा, हे मला फार उशिरा कळलं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी शालीबरोबर त्याच तेलाची एक छोटी बाटली गमतीनं भेट दिली होती. मग ते इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या आमच्या गावी परतले. बंदुकीला पुन्हा हात लावला नाही. पण शिलाई मशीन, फवारणीचा पंप, धान भरडायची चक्की, काहीही अडलं की लोक त्यांच्याच ओसरीवर आणत. दर रविवारी मीही तिथं जाऊन बसे. मला ते 'बुकवाले' म्हणत. "बुकवाले, तुमच्या बुकात असन तं लिहून घ्या. हळू फिरते अन् भार घेते, तेथं ग्रीस. बारीक आहे अन् झटकन चालते, तेथं पातळ तेल. अन् जास्त टाकलं, तं धुळीले आवतन."

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: तेल कोणतं टाकलं? उत्तरही ठरलेलं: मशीनचंच. सेवकभाऊ सांध्यातलं तेल बोटावर घेत, अंगठ्यानं चोळत, हुंगत आणि खरं तेल सांगत. बहुतेक वेळा ते जवसाचं निघे. आमच्याकडे धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, जवस पेरतात, त्यामुळं हाताशी तीच बाटली. पहिले काही दिवस मशीन छान पळते. पुढं ते तेल वाळून वार्निशासारखं चिकटतं आणि सगळं आवळून धरतं. "जवस लाकडाचा आहे," सेवकभाऊ म्हणत. "बंदुकीच्या दस्त्याले चोळा, चकाकते. घोड्याले लावाल, तं वेळेवर घोडा पडणारच नाही." हिवाळ्यात थिजणाऱ्या खोबरेलाबद्दल तर ते बोलायलाही तयार नसत.

मधल्या एका मोठ्या तापातून ते उठले, त्यानंतरची गोष्ट. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश शिवणारी सुनंदा आपली जड चालणारी मशीन घेऊन आली. सेवकभाऊंनी बोट हुंगलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ हुंगलं... मग म्हणाले, "तेल बरोबर आहे. पट्टा बदल." चार दिवसांनी ती परत आली. गणवेशांचा ढीग तसाच पडलेला होता.

"काका, पट्टा नवा आहे. मशीन तशीच अडून राहिली."

त्यांनी पुन्हा बोट नाकाशी नेलं आणि खाली घेतलं. मला वाटलं, आता सुई सदोष आहे असं सांगतील. सांगितलं असतं तर कोणी शंका घेतली नसती.

"बाई, तापापासून मले वासच येऊन नाही राहिला," ते म्हणाले. "तुले अंदाजानं सांगितलं. नाक गेलं, तं मी कायचा आर्मोरर?"

सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग हे सर कायले बसले आहेत? याइले हुंगू द्या."

मी हुंगलं. जवसच होता. सुनंदाकडे पाहून सेवकभाऊ म्हणाले, "अन् तू तं मशीनचं म्हणत होती." तिनं पदर तोंडाशी धरला. त्यांनी रॉकेलनं सगळे सांधे धुतले, पातळ तेलाचे मोजके थेंब सोडले. गणवेश वेळेवर गेले.

त्यानंतर रविवारी माझी शिकवणी सुरू झाली. ते डोळे मिटायला लावत आणि एकेक बाटली नाकाखाली धरत. चुकलो की, "एवढी बुकं वाचली, अन् एरंडेल नाही समजत?" त्यांच्या लाकडी पेटीतल्या बाटल्यांवर पूर्वी एकही चिठ्ठी नव्हती; कधी गरजच पडली नव्हती. आता मी नाव सांगे आणि तिथंच चिठ्ठी लिहून चिकटवे. पारख माझी नव्हती, नाक तेवढं माझं होतं. चोळून, दिव्यासमोर धरून, घट्टपणा बघून कुठं काय घालायचं ते शेवटपर्यंत तेच ठरवत.

तेरवीनंतर वहिनींनी ती पेटी मला दिली. सगळ्या चिठ्ठ्यांवर माझं अक्षर होतं, कोपऱ्यातली एक सोडून. त्या छोट्या बाटलीवर त्यांनी स्वतः, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'रविवारी बुकवाल्याले विचारणे.'

मी झाकण काढलं. गोडसर, थोडा कापरासारखा वास आला.

ती चिठ्ठी मी बदललेली नाही.