कोंड्याची भाकरी

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, सुभेदार होऊन पलटणीतून मेढ्याला परतले आणि वर्षभरातच त्यांचं पोट बिघडलं. परसाकडला जायचं म्हटलं की चेहरा उतरायचा. मूळव्याधीचं रक्त जात होतं, पण ते कुणाला बोलले नाहीत. धोतरं धुताना मला कळलं.

सुभेदारांच्या ताटात साधं काही वाढायचं नाही, म्हणून सासूबाई वस्त्रगाळ पिठाच्या पोळ्या करायच्या. आतडं कोरडं पडलंय असं धरून वर डब्यातलं वनस्पती तूप थापायच्या. त्यानं पोट जडच व्हायचं.

माझं माहेर मिरजेजवळ विश्रामबागला. तिकडं जायच्या निमित्तानं मी त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. शस्त्रक्रियेआधी जेवण बदलून बघा, डॉक्टर म्हणाले. पीठ चाळू नका, नाचणी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी खा, ताकात चमचाभर गव्हाचा कोंडा घ्या, पाणी भरपूर प्या. तुपानं मार्ग मोकळा होत नाही, हेही त्यांनी समजावलं.

मामंजींना घेऊन मी घरी परतले. ताटात न चाळलेल्या पिठाची भाकरी बघून ते म्हणाले, "कोंडा म्हशीला घालत्यात. मी काय म्हस हाय?"

सासूबाईंनी आणि मी तीच भाकरी आमच्या ताटात घेतली आणि खाऊ लागलो. शेवटी त्यांनीही एक तुकडा मोडला.

मग मात्र पलटणीचा बाणा जागा झाला. मोहीम एकदाची फत्ते करू म्हणून त्यांनी ताकात मूठभर कोंडा ढवळला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कोंडा बंद, असं त्यांनी जाहीर केलं. सासूबाईंनी समजूत काढली, तेव्हा पुन्हा चमचाभरावर आले. जोडीला तांब्याभर पाणी.

काही आठवड्यांनी एका सकाळी ते शेताकडून लवकर परतले. हातपाय धुतले, चुलीपाशी येऊन बसले.

"सूनबाई, लय दिसांनी सुटलो बघ."

सासूबाई पदरानं डोळे पुसत हसू लागल्या. मला तर मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पुढं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शस्त्रक्रियेची गरज उरली नाही.

मिरजेहून परतलो त्या संध्याकाळी देवळाच्या पारावर मामंजींनी सगळी हकिकत खुल्या आवाजात सांगितली. माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्यांतलेच दोघं हळूच आमच्या सोप्यात आले, आणि सुभेदारांनी त्यांना मानानं घोंगडीवर बसवून घेतलं.