आबांचं दीड एकर आणि माझी हिरा

आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना सांडेल, आणि हसणार तुम्ही मलाच!

शहात्तर-सत्याहत्तर सालची गोष्ट. मी जर्मनीत शेती शिकायला गेलो आणि घोडे शिकून आलो. नुसत्या इशाऱ्यावर घोड्याला तिरकं चालवायचं, जागच्या जागी ठेक्यात पाय उचलायला लावायचं, या विद्येला ड्रेसाज म्हणतात. ठरवलं, कोरेगावजवळच्या आपल्या गावात घोड्यांची पैदास करायची आणि त्यांना ही विद्या द्यायची. देशाला गरज आहे! (देश तसं कधी बोलला नव्हता, ते सोडा.)

आमचे आबा, म्हणजे वडील, निवृत्त सुभेदार. विहिरीजवळचं दीड एकर त्यांनी मला वर्षभर दिलं. वर्ष सरलं तसे म्हणाले, "आयतवारी चार मान्सं बोलावतो. ह्यो धंदा हाय आसं पटलं, तर रान तुजं. न्हाईतर सोमवारी नांगर, आन् मग ऊस."

माझ्याकडे होती एकच घोडी, वर्षभर मी शिकवलेली हिरा. पैदाशीला घोडा लागतो, तो अजून मिळायचा होता. पण तत्त्व पक्कं होतं!

रविवारी सरपंच धरून चार माणसं हिराचं काम बघायला जमली, आणि ऐन वेळी ग्रामोफोनची पिन मोडली. आता ठेका कुठला? धावत जाऊन हलगीवाल्या तुकामामांना आणलं.

"मामा, जरा हळू. हे शास्त्रीय आहे."

"आवं, लय शास्त्रीय वाजवतो की!"

आणि कडाडली हलगी! काय सांगू, हिराने जर्मनीला लाजवतील असे पाय उचलले. शिट्ट्या पडल्या. सरपंच उठले, दहाची नोट तिच्यावरून ओवाळली.

"गड्या, आमच्या पोराच्या वरातीला हीच घोडी! बोल, काय घेशील?"

"आमच्या बी!" उरलेले तिघेही उठले.

आबांच्या मिशा हसत होत्या. मी फक्त मान डोलवायची होती. एवढंच!

मी काय केलं? दगडावर चढून गरजलो, "ही कला आहे! वरातीत नाचवायची वस्तू नव्हे! मी एक पैसा घेणार नाही! हा धंदा नाही!"

हलगी थांबली.

"आयकलंसा?" आबा शांतपणे म्हणाले. "त्यो सोताच म्हनतोय."

सोमवारी नांगर फिरला. रानाबरोबर हिराचा चाराही गेला. आठवड्यात मीच तुकामामांच्या दारात, वरातीचं काम मागायला. हिरा माझ्याशिवाय पाऊल उचलेना, म्हणून सरपंचांच्या पोराच्या वरातीत मी फेटा बांधून लगाम धरून पुढे.

एका पाहुण्याने आबांना विचारलं, "सुभेदार, पोरगं परदेशातनं आलं म्हनं. काय करतंय सध्या?"

"घोडी लागली कामाला," आबा म्हणाले. "पोराचं आजून बघतोय."