खोबरेल

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं सगळं न सांगताच कळतं. आता हे वागवून दमलोय, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

मी मालवणातला वायरमन. जन्मभर लोकांच्या घरांत दिवे लावले. इनास माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे पप्पा बोटीवर होते. दर खेपेला परदेशातून खेळण्यातल्या रेल्वेचे पितळी रूळ आणायचे. मालवणात कुठली आलीय रेल्वे? गाडी बघायची तर आजही कुडाळ गाठावं लागतं. म्हणून घरातच स्टेशन करायचं त्यांच्या मनात होतं. राहून गेलं. ते वारले आणि इंजिनासकट रूळ ट्रंकेत पडून राहिले.

इनास निवृत्त झाला तसा म्हणाला, "दाजी, पप्पांचा ता काम आपण पुरा करूया रे."

केलं. एकेक रूळ खिडकीच्या उजेडात धरून बघितला, वाकडे बाजूला काढले, सरळ तेवढे निवडले. प्रत्येक तुकड्याला खालून मी वायर जोडली. फळीवर पहिल्यांदा इंजिन धावलं तेव्हा इनास रडला. म्हणजे रूळ चांगले होते — हे लक्षात असू द्या.

मग पावसाळा तोंडावर आला. इथल्या खाऱ्या हवेत कोयता असो, भाजी चिरायचा आडाळो असो, आपण काय करतो? खोबरेल फासतो. मी रुळांनाही फासलं. इनास म्हणाला होता, "तेल नको रे, करंट अडतलो." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "वायरमन तू काय मी?"

पाऊस सरल्यावर बघतो तर इंजिन जागचं हलेना. तेल सुकून चिकट झालेलं, वर धुळीचा थर. मला कळायला कितीसा वेळ लागणार? एक तुकडा रॉकेलच्या फडक्याने पुसला — तेवढ्यावर इंजिन पळालं, पुढे जाऊन अडलं. मी ते घाईघाईने उचलून ठेवलं, कारण इनास चहा घेऊन येत होता.

"काय झाला रे?"

काय सांगायचं होतं? तेल. एवढंच. पण तोंड उघडलं आणि आतला वायरमन बोलला, "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान पितळ. आता काय उपयोग नाय."

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. नाही घातला. माझ्या शब्दावर त्याने पप्पांचे रूळ स्वतःच्या हाताने एकेक करून उपटले, पोत्यात भरले. पोत्याचं तोंड मी धरलं होतं. मनात येत होतं, आता सांगू — हा तुकडा गेला की सांगू. भंगारवाला पोतं घेऊन गेला तेव्हाही मी गप्पच होतो. भेकड माणूस मी, दुसरं काय?

आता नवे रूळ आहेत. गाडी छान धावते. नाताळात लोक नेवऱ्या खात खात बघायला येतात, आणि इनास प्रत्येकाला सांगतो, "पप्पांचे रूळ व्हते, पण खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान. दाजीक इचारा."

लोक माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. ह्या नाताळातही डोलावली.