महांतेशअण्णांचा शेवटचा रोल

चिकपेटच्या गल्लीत महांतेशअण्णांचा फोटो स्टुडिओ होता. निपाणीहून आलेल्या या माणसाने चाळीस वर्षं फक्त रोलवर फोटो काढले. डिजिटलमध्ये चेहरे प्लास्टिकचे दिसतात, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. मुलगी पवित्रा वाद घाली, "अप्पा, डिजिटलच जास्त स्पष्ट येतं."

"स्पष्ट येतं गं, पण जिवंत येत नाही."

गेल्या वर्षी त्यांची बायको गंगव्वा कॅन्सरने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा अण्णांनी कपाटातला शेवटचा रोल कॅमेऱ्यात भरला. त्याची मुदत संपली होती, पण चालेल असं त्यांना वाटलं. पवित्रा मोबाइल घेऊन आली, तर तिला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं. गंगव्वाला उन्हात बसवून त्यांनी छत्तीस फोटो काढले. "सरी, बरं, पुरे आता," ती दमून म्हणाली.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी रोल धुतला. सगळी पट्टी काळीठिक्कर निघाली. एकाही फोटोत गंगव्वा नव्हती.

पवित्राने मोबाइल पुढे केला. त्या दिवशी तिने मागून एक फोटो काढलाच होता. त्यात अण्णांची पाठ होती आणि पलीकडे त्यांच्याकडे बघून हसणारी गंगव्वा. तिचे सुकलेले ओठसुद्धा स्वच्छ दिसत होते.

अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "चांगला आलाय," एवढंच म्हणाले.

ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले नाहीत. स्टुडिओ आता पवित्राच चालवते.