सासूने मागून घेतलेली अटक

ती घटना आठवली की या वयातही माझे हात आपोआप जोडले जातात. पोलिसाने आरोपीचे आभार मानावेत असे प्रसंग चाकरीत फार येत नाहीत. मला एक आला, तो वाईत.

बेचाळीसच्या चळवळीनंतरचा काळ. सातारा जिल्ह्यात भूमिगतांनी सरकारला सळो की पळो करून सोडलं होतं. मी वाईला फौजदार होतो. आमच्या फरारींमध्ये एक शाळामास्तर होता. तारा तोडणं, चावडी जाळणं असे गुन्हे त्याच्यावर होते. घाटाजवळच्या त्याच्या घरात विधवा आई आणि तरुण बायको, दोघीच राहत. घरावर पाळत होती आणि पाळतीवरचे शिपाई रोज सांगत, "कोणी आलं नाही." सरकारी पाळत म्हणजे समोरच्या हॉटेलातला चहा, हे मला ठाऊक होतं, पण तसं वर कळवता येत नाही.

एके दिवशी आमचा एक खबऱ्या ठाण्यात आला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

"आवं सायेब, मास्तर फरार हून वरीस उलाटलं. आन् त्येची बायकू तर पोटुशी हाय. आता काय समजायचं?"

त्याला काय समजायचं होतं ते त्याच्या हसण्यातच दिसत होतं. बघता बघता ते हसू सगळ्या पेठेत पोचलं. घाटावर धुणं धुताना बायका त्या मुलीपासून लांब बसू लागल्या.

साताऱ्याच्या मोठ्या साहेबांना यात संधी दिसली. हुकूम आला: बदनामी होते आहे ती होऊ द्या. नाव वाचवायला बाई नवऱ्याचा ठावठिकाणा सांगेल.

मी जबाब घ्यायला घरी गेलो. घरंदाज बायकांना ठाण्यावर बोलवायचं नाही, हा माझा शिरस्ता होता. मुलगी खांबाला टेकून उभी राहिली.

"नवरा येऊन गेला का?"

"मला काही सांगायचं नाही."

फिरवून फिरवून विचारलं, उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला शब्द बदलतो. हिचा एक शब्द हलत नव्हता. मी ओळखलं, ही अब्रू जाऊ देईल पण नवरा धरू देणार नाही. तो येतो असं म्हणाली असती, तर पहारा वाढून तो पुढच्या फेरीला सापडला असता.

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या सासूने मग विचारलं, "तो आला होता असं निघालं, तर हिला धराल?"

"नाही. फरारीला आसरा देणं गुन्हा आहे, पण कायद्याने बायकोला त्यातून सूट आहे."

"आणि आईला?"

"आईला नाही. आईला कैद होते."

"बरं," ती म्हणाली, आणि मला गुळपाणी द्यायला उठली. मला वाटलं, म्हातारी घाबरली. माणसं ओळखण्याचा मला त्या वेळी फार अभिमान होता!

मुलीला सातवा लागला तेव्हा ठाण्यावर निरोप आला: सुनेचं डोहाळजेवण आहे, फौजदारांनी वर्दीत यावं, दोन पंच बरोबर आणावेत. डोहाळजेवणाला पुरुषाला कोणी बोलवत नाही, फौजदाराला तर नाहीच. हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन भरदुपारी गेलो. अंगण बायकांनी भरलेलं. बहुतेक जणी ओटी भरायला नव्हे, तमाशा बघायला आल्या होत्या. मधे हिरव्या साडीत, फुलांची वाडी भरून ती मुलगी बसली होती. मान खालीच.

सासू ओट्यावर उभी राहिली. "फौजदार, लिहून घ्या. माझा मुलगा घरी येत होता. मीच दार उघडलं, मीच जेवायला वाढलं. हे मूल त्याचं आहे. कसा यायचा ते सांगणार नाही. आणि आता तो येणार नाही, माझा निरोप पोचलाय."

तपास लागला होता, पण मलाच अवघडल्यासारखं झालं. हवालदार कानाशी लागला, "सोडा की सायेब म्हातारीला. लय पुण्य लागंल."

मलाही तेच वाटत होतं. मी हळूच म्हणालो, "आजी, तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही."

ती कडाडली. "तुमची दया घरी ठेवा! तुम्ही मला सोडलंत तर गाव म्हणेल, सुनेला झाकायला सासू खोटं बोलली. खोट्यासाठी कोणी जेलात जात नाही, एवढं गावाला कळतं. धरा मला. आणि टांगा नको, पेठेतून चालत न्या."

मी पंचनामा केला आणि तिला भर पेठेतून चालवत नेलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. तिथेही तिने शब्द न शब्द तोच सांगितला आणि साधी कैद घेतली. साहेबांच्या हाती मास्तर लागला नाही. आणि लांब बसणाऱ्या त्याच बायका बाळंतिणीला पाळीपाळीने डबा पोचवू लागल्या. पहिला डबा माझ्या घरून गेला, हेही सांगून टाकतो.

पुढे वॉरंटं मागे घेतली गेली, मास्तर घरी आला. स्वातंत्र्याच्या सकाळी पेठेत झेंडा चढला, तेव्हा बंदोबस्ताला मीच होतो. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कालपर्यंत इंग्रजाची चाकरी, आज आमच्या झेंड्याला सलाम!" बोलणं खोटं नव्हतं. मी जागचा हललो नाही.

तेवढ्यात नातवाला कडेवर घेऊन ती पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "यांनी मला धरून नेलं. नेलं म्हणून हा पोरगा आज बापाचं नाव मोठ्याने सांगतोय." तिने माझ्या हातावर साखर ठेवली.

कायदा माझ्या हातात आहे असं मी समजत होतो. त्या बाईने तो माझ्या हातून घेतला आणि सुनेच्या अंगावर पांघरूण म्हणून घातला. कायद्याचा असाही उपयोग असतो, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. देश स्वतंत्र करणाऱ्यांत तिचं नाव कोणी घेत नाही. मी त्या सकाळी दोन सलाम केले. एक झेंड्याला, दुसरा माझ्या आरोपीला. दुसऱ्यावर कोणी काही ओरडलं नाही.