माहिती पुरेशी आहे

ऑफिसात त्याला सगळे उमेदवार म्हणत. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर दिसायचं. मोठ्या बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी तो इतकी वर्षं करत होता, की त्याच्याबरोबर तयारीला लागलेले लोक शिकून, साहेब होऊन, दोघे-तिघे तर नोकरीवरून निघूनही मोकळे झाले होते. हा अजून सराव प्रश्नच सोडवत होता. परीक्षा जवळ आली की याची तयारी नेमकी थोडी कमी पडायची, मग पुढची तारीख घ्यायची.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसे. कुठे लिफ्ट अडकली की आतले लोक फोन करत. कुठली इमारत, कितवा मजला, आत कोण आहे, हे विचारून घ्यायचं आणि जवळच्या मेकॅनिकला पिटाळायचं, एवढं काम. काम वाईट नव्हतं. पण ज्या माणसाने एकदा मॅनेजर व्हायचं मनावर घेतलं, त्याला कुठलंच काम बरं वाटत नाही, हा त्या परीक्षेचा पहिला गुण.

क्लास टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. शिकवणाऱ्या सरांना टॉपर सर म्हणत. सर स्वतः कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये गेले नव्हते. प्रवेश मिळत होता पण घेतला नाही, असं ते सांगत, आणि रबराच्या वासात बसलेली पोरं माना डोलावत. सरांची खासियत म्हणजे त्या परीक्षेतला डेटा सफिशियन्सी नावाचा प्रकार. त्यात एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. त्या विधानांवरून उत्तर निघू शकेल का, एवढंच सांगायचं.

“उत्तर काढत बसतो तो मेला!” सर फळ्यावर डस्टर आपटत. “माहिती पुरेशी आहे? खूण करा. पुढे चला. उत्तर काय येतंय, याच्याशी तुमचा काडीचा संबंध नाही.”

उमेदवाराला हे इतकं भावलं, की विचारू नका. जन्मभर लोक त्याच्याकडून उत्तरं मागत आले होते. उत्तर न देताही माणूस हुशार ठरू शकतो, हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. बाकीच्या प्रकारांत तो जेमतेम होता, पण यात त्याचा हात धरणारा क्लासात कुणी उरला नाही.

आईला मात्र हे काही केल्या पटेना. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आयुष्यभर लोकांना हवा तो नंबर जोडून दिलेली बाई. एकदा कौतुकाने ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि प्रश्न मोठ्याने वाचू लागली. “एका माणसाचं वय किती? विधान एक, तो मुलापेक्षा तीस वर्षांनी मोठा आहे. विधान दोन, दोघांच्या वयांची बेरीज सत्तर. बरं, मग?”

“दोन्ही मिळून पुरेशी,” उमेदवार झटकन म्हणाला आणि पान उलटलं.

“अरे पण वय किती त्याचं?”

“ते काढायचं नसतं आई.”

“पन्नास येतंय की! मुलगा वीसचा. एवढं जवळ येऊन सोडून देतोस?”

“तेच तर शिकायचं असतं.”

आई उठून गेली. तिला त्या माणसाची आणि त्याच्या मुलाची थोडी काळजीच वाटली.

हळूहळू तो प्रकार अंगात मुरला. मोरीतला नळ गळू लागला. उमेदवाराने खाली वाकून पाहिलं, वायसर गेलंय हे ओळखलं, समाधानाने उठला आणि अभ्यासाला बसला. नळ गळतच राहिला. गॅसवरचं दूध वर येताना त्याने पाहिलं, ते आता उतू जाणार हे अचूक ताडलं, आणि ते उतू गेलं. आईने कपाळाला हात लावला, तर हा म्हणतो, “मला कळलं होतं.”

ऑफिसातही तेच. एका दुपारी दाताचे डॉक्टर लिफ्टमध्ये अडकले. दवाखान्यात तोंड उघडून बसलेला पेशंट, आणि डॉक्टर दोन मजल्यांच्या मध्ये. उमेदवाराने इमारत विचारली, मजला विचारला, दाराचा आवाज कसा येतोय तेही विचारलं. माहिती पुरेशी होती. “ठीक आहे,” असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि मेकॅनिक न पाठवता पुढच्या फोनची वाट बघत बसला.

डॉक्टरांना बाहेर काढलं ते कंपनीतल्याच तपासनीस बाईने. ती योगायोगाने त्याच इमारतीत लिफ्टचे दोर तपासायला गेली होती. संध्याकाळी ती ग्रीसने माखलेल्या हातांनी तशीच उमेदवाराच्या टेबलापाशी आली.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आतल्या माणसाला घाम फुटला होता!”

“मला सगळं कळलं होतं,” उमेदवार म्हणाला. “दाराच्या स्विचचा संपर्क तुटला होता ना?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली, कारण बिघाड तोच होता. मग ती जी हसत सुटली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमध्ये एकत्र चहा घेतला, आणि मग रोजच घेऊ लागले.

आता हे सांगून टाकायला हवं, की उमेदवाराचा जीव तिच्यात आधीपासूनच गुंतला होता. तिच्याशी लग्न व्हावं, याखेरीज त्याला जगाकडून काहीही नको होतं. बिझनेस स्कूलसुद्धा त्याला हवं होतं ते तिच्यासमोर जरा मान वर करून उभं राहता यावं म्हणून. फक्त ती हो म्हणेल का, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना विचारायची त्याची छाती नव्हती. म्हणून तो माहिती गोळा करू लागला.

पहिली माहिती आपणहून आली. तिच्या तपासणीच्या फेऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला लागल्या, तरी ती चहाच्या वेळेला हजर. मेकॅनिक म्हणाला, बाईंनी साहेबांशी भांडून फेऱ्या बदलून घेतल्या. दुसरी माहिती तिनेच दिली. चहात साखर ढवळत, वर न बघता ती म्हणाली, “मावशीने एक स्थळ आणलंय. चांगलं आहे. मी थांब म्हटलंय तिला.”

“का?” उमेदवाराने विचारलं.

“असंच,” ती म्हणाली, आणि मग वर बघितलं. चांगलं रोखून बघितलं.

उमेदवाराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विधान एक, एकटं अपुरं. विधान दोन, एकटं अपुरं. दोन्ही मिळून पुरेशी! ती हो म्हणणार होती, यात तिळमात्र शंका उरली नाही. इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याने मनातल्या मनात खूण केली, चहा संपवला, आणि शीळ घालत घरी जाऊन पुढचे प्रश्न सोडवायला बसला.

दुसऱ्या दिवशी ती नवीन शर्ट घालून आली. उमेदवाराने तिला हवापाण्याचं विचारलं. महिना गेला, दोन गेले. ती बिचारी वाट बघून बघून कंटाळली आणि एकदा स्पष्टच बोलली, “मावशी फार मागे लागलीय रे. आता काहीतरी सांगावं लागेल.” पण सरांनी शिकवलं होतं, की पुरेशी माहिती मिळाल्यावर जास्तीची माहिती कानाआड करतो तोच खरा शहाणा. उमेदवाराने ती कानाआड केली.

त्या वर्षी मात्र त्याने परीक्षा दिली. उरात कसली धाकधूक म्हणून उरली नव्हती, त्यामुळे पेपर झकास गेला. गुण असे आले की टॉपर सरांनी टायरच्या दुकानाबाहेर त्याचा फोटो लावला, आणि हारतुरे घालून त्याला पोरांपुढे उभं केलं. आईने फोटोकडे नीट निरखून पाहिलं आणि नळाचं काय, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो धावतच ऑफिसात गेला. तपासनीस बाई तिची हत्यारं साहेबांच्या खोलीत परत करून येत होती. हातात फक्त डबा आणि ओढणी.

“मला गुण मिळाले!” तो म्हणाला.

“कळलं. अभिनंदन.” ती मनापासून म्हणाली. “माझा आज शेवटचा दिवस. मावशीला हो म्हटलं मी. पुढच्या महिन्यात लग्न, मग त्याच्याच गावी नोकरी बघेन.”

उमेदवार मटकन खुर्चीत बसला. ती जायला निघाली, पण दारापासून परत फिरली.

“एक विचारू? तुला खरंच कधी कळलं नाही का रे?”

इथे एक साधी थाप मारली असती, तरी चाललं असतं. पण उमेदवार सरळ माणूस.

“कळलं होतं,” तो म्हणाला. “तू मावशीचं सांगितलंस ना, तेव्हाच.”

“तेव्हाच?”

“हो. अगदी नक्की कळलं होतं.”

तिचा चेहरा उतरला. डबा टेबलावर ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

“मला वाटायचं, हा भोळा आहे, याच्या लक्षातच येत नाही. म्हणून मावशीशी भांडून भांडून थांबले मी. भोळ्या माणसासाठी थांबावंसं वाटतं रे. आणि तू सगळं कळून रोज माझ्यासमोर चहा पीत होतास?”

उमेदवाराला स्वतःचीच इतकी शरम वाटली, की टायरच्या दुकानाबाहेरचा तो फोटो जाऊन फाडावासा वाटला. मग त्याने कधी न केलेली गोष्ट केली. घसा खाकरून, अडखळत, सगळे शब्द उच्चारून त्याने विचारलं, “तू माझ्याशी लग्न करशील का?”

तिने त्याला पुरतं बोलू दिलं. मध्ये हसली नाही, रागावली नाही.

“केलं असतं,” ती म्हणाली. डबा उचलला आणि गेली. उमेदवार टेबलावर डोकं ठेवून रडला, आणि समोरचा फोन बराच वेळ वाजत राहिला.