मेमेचा पिवळा शेला

तिचं खरं नाव मला ठाऊक नाही. सोबतची माणसं तिला मेमे म्हणत होती. त्यांच्या भाषेत मेमे म्हणजे आई. लोम्बोक नावाच्या बेटावर राहणारी, साठीच्या पुढची, दोनचार दात उरलेली हिंदू बाई. तिने मला ज्वालामुखीच्या डोंगरावरून जिवंत खाली पाठवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण माझं शिक्षण पाचवीपर्यंतच झालेलं, लिहिता लिहिता कुठे भरकटलो तर निदान एवढं तरी सुटू नये.

मी जऊळक्याजवळच्या एका खेड्यातला. लहानपणी मला मोठा ताप आला होता. तेव्हा आई पोहरादेवीच्या जगदंबेला नवस बोलली, की पोरगं जगलं तर त्याला घेऊन अनवाणी चालत तुझ्या पायाशी येईन. आमच्या गावाहून ती तीन मुक्कामांची वाट. मी जगलो, पण नवस राहून गेला. आधी शेतीची कामं आडवी आली, मग मीच आडवा आलो. शाळा सोडली होती, मिसरूड फुटत होतं, आईबरोबर अनवाणी देवीला जायचं म्हणजे मला लाज वाटायची. "देवीले काय कमी हाय? तूच जाय," असं मी तिला एकदा म्हणालोसुद्धा. पुढे ओळखीतल्या एकाच्या नादाने मी मुंबईला निघालो, तेव्हा जऊळक्याच्या स्टेशनावर तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, वर ओल्या अक्षता चिकटवल्या आणि म्हणाली, "पुसू नको बाबू. आपल्या आपन पडू दे." गाडीत समोरची पोरं हसली आणि मी पुढचं स्टेशन यायच्या आत बाहीने कपाळ पुसून टाकलं.

मालवाहू जहाजावर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताखाली लागलो. दोन वर्षं घरी गेलो नाही. लोम्बोकच्या बंदरात जहाज नांगरून होतं तेव्हा गावच्या मास्तरांच्या हातचं पत्र मिळालं. आई अंथरुणाला खिळली आहे, तुझं नाव काढते, जमेल तसा ये. पत्र चांगलं सव्वा महिना फिरून आलं होतं. इकडे जहाजाच्या यंत्राचा एक भाग तुटलेला, तो दुसऱ्या बेटावरून यायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटेल असं कप्तानाने सांगितलं. तोवर मी काय करणार? भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबायचे. ती असेल की नाही, एवढं एकच डोक्यात.

माझे दोन दोस्त होते. रत्नागिरीकडचा सुलेमान खलाशी आणि मालवणचा बाबल, जो बॉयलरपाशी कोळसा टाकी. बंदरातून दूर एक मोठा डोंगर दिसायचा, त्याच्या पोटात तळं आणि तळ्याच्या मधोमध धूर सोडणारी टेकडी आहे म्हणत. त्या दोघांनी तिथे जायचं ठरवलं. वाट दाखवायला पायथ्याच्या गावचा एक वयस्क माणूस घेतला. त्याला सगळे अमाक म्हणत. सुलेमानला त्या मुलखाची बाजारातली मलायी भाषा येत होती, म्हणून तोच आमचा दुभाषा.

"चल रे वऱ्हाडी," सुलेमान म्हणाला. "तुझ्याकडे ना समुद्र ना डोंगर. आहे काय तुझ्या गावाला?"

"कापूस हाय. तुह्या तोंडात कोंबाले पुरंल इतका."

"बघ, बोलला! कालपासून आता बोलला मेला," बाबल म्हणाला.

मी तरीही जाणार नव्हतो. पण अमाक सहज बोलून गेला की डोंगराची मालकीण एक देवी आहे, अंजनी तिचं नाव, आणि बेटावरचे हिंदू तळ्यावर पूजेला जातात. ते ऐकलं आणि माझ्या मनाने घेतलं. आईला पोहरादेवीला नेलं नाही, तर निदान या देवीपाशी जाऊन तिच्यासाठी मागावं. खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. भीती होती, आणि भीतीला कुठे तरी हात जोडायला जागा हवी होती.

पहिला दिवस ट्रकने आणि मग गवतातून. कमरेएवढं गवत, आमच्याकडच्या माळरानासारखंच, पण संपतच नव्हतं. रात्री एका कपारीत पडलो. दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि राख लागली. दोन पावलं वर चढावं तर एक पाऊल खाली घसरावं. दुपारी काठावर पोचलो. खाली ते तळं, निळंकाळं, आणि त्यातून निघालेला धूर. सुलेमान आणि बाबल लहान पोरांसारखे ओरडले. मला मात्र आईच्या विझत्या चुलीची आठवण झाली.

काठावरून थोडं पुढे दगडांची एक रास होती, पिवळं कापड गुंडाळलेली, पुढे वाळकी फुलं. हीच देवीची जागा, असं मी मानलं. तिघे पुढे निघाले. "तुमी व्हा म्होरं, मी आलोच," मी म्हणालो. आणि तिथेच माझी चूक झाली. देवाच्या जागी पायताण घालून जायचं नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. नवसाचे अनवाणी पायही आठवले असतील. मी कॅनव्हासचे बूट चांगली पन्नास पावलं अलीकडे एका दगडापाशी काढून ठेवले, देवळाबाहेर ठेवतात तसे, आणि जाऊन दंडवत घातला. किती वेळ डोकं टेकून होतो कोण जाणे. उठलो तेव्हा धुकं आलं होतं. रास दिसत होती, तिच्यापलीकडे काही नाही.

बूट सापडले नाहीत. हाका मारल्या, उलट हाक आली नाही. ज्या दगडापाशी बूट ठेवले असं वाटे, तो दगड दुसराच निघे. वाट उताराला लागली म्हणून मी चालत राहिलो, तर पायाखालून एक धोंडा सुटला आणि त्याचा आवाज फार उशिरा, फार खालून आला. तिथे मी बसलो. काचेसारख्या धारेच्या दगडांनी तळवे फाटले होते, बोटं थंडीने वळत नव्हती. उजेड उतरू लागला होता. जहाज जाईल, मी इथे राहीन, आणि घरी आई नाव काढत राहील. त्या वेळी मी देवीला हात जोडले नाहीत. भांडलो. मोठ्याने म्हणालो, "हायेस का नाहीस, थे सांग एकदा. मायसाठी आलो व्हतो मी."

बराच वेळ गेला. मग धुपाचा वास आला आणि पाठोपाठ लहानशी घंटा. मी ओरडलो. धुक्यातून डोक्यावर टोपल्या घेतलेली सातआठ माणसं वर आली. पुढे ती म्हातारी. तिने माझे पाय पाहिले आणि च्च केलं, अगदी आमच्या बाया करतात तसं. मग भराभरा काही तरी बोलत, बहुधा रागे भरतच, मला धरून मागे खेचलं, खाली बसवलं. पाण्याने पाय धुतले. कमरेला पिवळा शेला बांधलेला होता तो सोडला, दातांनी मधोमध फाडला आणि दोन्ही तळवे करकचून बांधले. सोबतच्या बायका काही बोलू लागल्या, तिने त्यांना हाताने गप्प केलं. पानातला हळदीचा पिवळा भात तिने मला स्वतःच्या हाताने भरवला. आणि शेवटी एका वाटीतले ओले तांदूळ चिमटीत घेऊन माझ्या कपाळावर दाबले.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती थोपटत राहिली. तिला माझं काही कळत नव्हतं आणि मला तिचं.

घंटेच्या रोखाने अमाक आला, मागे दोघे. सुलेमानने आधी मला एक लगावली, मग मिठी मारली. "देवळात गेलास काय रे बूट काढून? देवळाबाहेर बूट जातात, इथे पाय जातात!" म्हणाला आणि तोच डोळे पुसू लागला. अमाक त्या बायकांशी बोलत होता. त्याचा चेहरा उतरला. सुलेमानने मला सांगितलं ते असं: कमरेला शेला नसेल तर त्यांच्यात पूजेला जात नाहीत, आणि हा तर पुजाऱ्याने तिला या यात्रेसाठी मंत्रून दिलेला. म्हातारी आयुष्यात पहिल्यांदाच तळ्यावर निघाली होती, लेकासाठी बोललेला नवस फेडायला. आता ती काठावरच बसणार, बाकीचे खाली जाणार.

मी पायाचं फडकं सोडायला लागलो. तिने माझ्या हातावर चापट मारली.

बाबलने मला पाठीवर घेतलं. वळून पाहिलं तेव्हा ती दगडावर बसली होती, तळ्याकडे तोंड करून, रिकाम्या कमरेवर हात ठेवून. दीड दिवस कधी पाठीवर, कधी लंगडत उतरलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी शिडी उचलायच्या बेतात असताना जहाजावर चढलो. कपाळावरचे तांदूळ या वेळी मी पुसले नाहीत. एकेक करून आपोआप पडले.

जहाज मुंबईला लागायला महिना गेला. तिथून तार केली आणि निघालो, मुंबईहून अकोला, अकोल्याहून जऊळका. स्टेशनावर थोरली बहीण, ताई, उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि विचारायचं काही उरलं नाही. आई जाऊन महिना होत आला होता. ताई म्हणाली, "शेवटी शेवटी तापात एकच बोले. पोराच्या कपायाले अक्षदा लावा, त्यानं पुसल्या व्हत्या." मी पुसल्या हे आईला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. ती हे कोणत्या दिवशी बोलली, तेही मी ताईला विचारलं नाही. विचारून ताडून पाहायचं धाडस नव्हतं, आणि आता गरजही वाटत नाही. मी डोंगरावर आईचा जीव मागितला होता, तो मिळाला नाही. जे मिळालं ते मी मागितलंच नव्हतं. हिशेब मांडणारा मी कोण, एवढं मात्र तेव्हापासून कळलं. हात जोडायचे आणि बाकीचं देवीवर सोडायचं.

ताईबरोबर मी पोहरादेवीला अनवाणी गेलो. तळव्यांचे व्रण तीन मुक्काम ठणकले. तिथून एक पिवळा शेला घेतला, देवीच्या पायांना लावला. फाटक्या शेल्याचे दोन तुकडे आणि हा नवा शेला एकाच घडीत माझ्या पेटीत आहेत. मी पुन्हा जहाजावर आहे, घरापासून पुष्कळ लांब. ज्या दिवशी जहाज त्या बंदराला लागेल त्या दिवशी मी मेमेला शोधून काढीन. तिच्या कमरेला हा शेला बांधीन. तिला चालवत नसेल तर पाठीवर घेईन, आणि काठापर्यंत नाही, खाली तळ्यापर्यंत नेईन.